कोटासकट वटवाघूळ, कपड्यांविना लांडगा

व्हॅम्पायर नायक आणि शेपशिफ्टर, म्हणजे माणसाचं जनावर होणारी, नायिका अशी प्रेमकथा लिहायला घेतलेल्या मैत्रिणीने एकदा रात्री साडेबाराला मेसेज केला, "माझा हा वटवाघूळ होतो आणि ती लांडगा होते. म्हणजे दोघं एकाच जातीचे झाले की! आता भांडण कशावरून लावू?" मी अर्धवट झोपेत "पहाटेवरून लाव" एवढंच टाईप केलं आणि फोन पालथा घातला.

शंका मात्र रास्त होती. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत व्हॅम्पायर असलेला काउंट, म्हणजे सरदार, वटवाघूळ होतो, लांडगा होतो, धुकं होऊन फटीतून आत शिरतो. त्याच्या पाव शतक आधीच्या 'कार्मिला'त रक्त पिणारी तरुणी रात्री मांजरासारख्या मोठ्या काळ्या जनावराच्या रूपात येते. भाषेनेही घोळ घालून ठेवलाय. सर्बियन 'वुकोद्लाक' या शब्दाच्या पोटात लांडगा आहे, पण लोककथांत तो शब्द बहुधा थडग्यातून उठणाऱ्या मेलेल्या माणसासाठी येतो. हाच शब्द ग्रीकमध्ये 'व्रिकोलाकास' होऊन गेला, आणि तिथे तर लांडगा पार गळून पडला.

मी फरक ओळखते तो कपड्यांवरून. रूप पालटून परत माणूस झाल्यावर अंगावर कपडे आहेत का, ते बघायचं.

व्हॅम्पायरचं धुकं विरतं आणि साहेब समोर उभे, कोटाची बटणंही लावलेली. मधल्या वेळात कोट कुठे होता, हे कोणी विचारत नाही. शेपशिफ्टरचं, म्हणजे थोडक्यात शिफ्टरचं, असं नसतं. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये एक शिपाई चांदण्या रात्री थडग्यांपाशी थांबतो, सगळे कपडे उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवतो आणि लांडगा होऊन रानात पळतो. सोबतचा माणूस कपडे उचलायला जातो, तर त्यांचा दगड झालेला. पुढे कळतं, की एका घरच्या गुरांवर लांडगा तुटून पडला आणि तिथल्या नोकराने त्याच्या मानेत भाला खुपसला. सोबती घरी परततो तेव्हा शिपाई अंथरुणात पडलेला असतो आणि वैद्य त्याच्या मानेवर उपचार करत असतो.

मानेवरची ती जखम महत्त्वाची. लांडग्याला लागलं ते माणसालाही लागलं, कारण अंग एकच आहे. व्हॅम्पायरचं वटवाघूळ मला रामायणातल्या मारीचासारखं वाटतं. हरीण झाला ते एका कामापुरतं सोंग, बाण लागल्यावर आतला राक्षस बाहेर आला. काउंटचं वटवाघूळ काढून घ्या, तरी तो व्हॅम्पायर उरतोच. शिफ्टरचा लांडगा काढून घेतला तर चारचौघांसारखं एक माणूस उरतं.

व्हॅम्पायर मुळात प्रेत आहे, हे आपण त्याच्या देखणेपणापायी विसरतो. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि पाठोपाठ आठ दिवसांत नऊ जण दगावले. लोकांनी ऑस्ट्रियाच्या हाबसबुर्ग सरकारच्या अधिकाऱ्यासमोर थडगं उकरलं. प्रेत ताजं दिसत होतं, तोंडात रक्त होतं, नखं नवी आल्यासारखी वाटत होती. लोकांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळलं. आज याचं उत्तर सोपं आहे. प्रेतात वायू साठले की आतला द्रव तोंडावाटे बाहेर येतो, आणि कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी दिसतात. १७५५ साली हाबसबुर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकडून असल्या प्रकारांवर अहवाल घेतला आणि थडगी उकरण्यावर बंदी आणली. तेव्हाचा व्हॅम्पायर फुगलेला, तांबडालाल गावकरी होता. उंची कोट, सरदारी रुबाब आणि उदास डोळे त्याला एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी दिले. (जाता जाता: दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या रक्त पिणाऱ्या वटवाघळांना व्हॅम्पायरचं नाव मिळालं, व्हॅम्पायरला त्यांचं नाही.)

व्हॅम्पायरच्या या मेलेल्या अंगाला काळ लागत नाही. शिफ्टरला मात्र तो दुप्पट लागतो, कारण म्हातारपण आहेच आणि वर महिन्याचा फेरा. व्हॅम्पायर नायक शिफ्टर नायिकेला जवळ घेतो तेव्हा त्याला तिच्या छातीची धडधड ऐकू येते, आणि गेल्या वर्षीपेक्षा ती किती मंदावलीय तेही. तिला त्याच्या अंगाला कशाचाच वास येत नाही. घामाचा नाही, आजारपणाचा नाही, भीतीचाही नाही. नाकावर जगणाऱ्या बाईला ही भिंतीला टेकून बसल्याची गत. मैत्रिणीला मी सांगितलं, की शाप, टोळीयुद्ध, हजार वर्षांचं वैर हे सगळं बाजूला ठेव आणि या वास नसलेल्या माणसाबद्दल दोन पानं लिही.

टोळी म्हटलं की 'अल्फा' येतोच. सगळ्यांना गुरगुरून गप्प करणारा तो पुढारी शिफ्टर कथांना फार प्रिय. ही कल्पना बरीचशी लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या निरीक्षणांतून आली, आणि ते लांडगे पिंजऱ्यातले होते, एकमेकांना अनोळखी. दुसरे लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिलं, की रानातली टोळी म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तेव्हा शिफ्टर नायिकेच्या टोळीशी व्हॅम्पायरची गाठ पडते तेव्हा त्याला द्वंद्वयुद्ध करायचं नसतं, सासऱ्यासमोर बसायचं असतं. माझ्या मते तो प्रसंग जास्त अवघड.

परत कपड्यांकडे येते, कारण प्रेमकथेची खरी गोम तिथे आहे. बाराव्या शतकातल्या मारी द फ्रान्स या कवयित्रीची 'बिस्क्लाव्ह्रे' नावाची काव्यकथा आहे. एक सरदार आठवड्यातले तीन दिवस गायब असतो. बायको खनपटीला बसते, तेव्हा तो कबूल करतो: मी लांडगा होतो, आणि कपडे जुन्या देवळाजवळच्या पोकळ दगडाखाली ठेवतो. ते हरवले तर मी कायमचा लांडगा. बायको घाबरते आणि एका चाहत्याकरवी कपडे पळवते. नवरा रानातच अडकतो. शेवटी राजाच्या पायाशी पडून तो त्याचा पाळीव लांडगा होतो, आणि कपडे परत मिळाले तरी सगळ्यांसमोर ते घालत नाही. त्याला राजाच्या शयनगृहात एकटं सोडावं लागतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांवरच्या लोककथांतल्या सेल्कीचीही, म्हणजे कातडी उतरवून बाई होणाऱ्या सीलचीही, गत तीच. सीलची कातडी लपवली की ती नांदते, सापडली की समुद्रात जाते.

व्हॅम्पायरला कपड्यांची काळजी नसते, पण त्याचीही एक जागा असते. काउंट लंडनला येताना मायदेशची माती भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन येतो, आणि त्याचा पाठलाग म्हणजे मुख्यतः त्या पेट्या हुडकणं. म्हणजे दोघांनाही जिवावर बेतेल असं एक ठिकाण लपवायचं असतं. तिचं ठिकाण ती जनावर असेपर्यंत उघडं पडू नये, त्याचं तो निजलेला असेपर्यंत. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही समजूत मात्र १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाने रूढ केली. स्टोकरचा काउंट दिवसा लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची शक्ती उतरलेली असते. त्यामुळे आपल्या कथेत ऊन मारतं की नुसतं थकवतं, हे लेखिकेने आधी ठरवायला हवं. मैत्रिणीने मारतं असं ठरवलं.

महिन्याभराने तिने प्रकरण पाठवलं. नायिकेने कपड्यांची जागा त्याला सांगितलीय, आणि त्याला वाटतं की आपल्या शवपेटीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. तो तिचा शर्ट घडी करून उशाशी ठेवतो. ती रात्रभर रानात. परतायला उशीर होतो, खिडकीतून पहिलं ऊन जमिनीवर पडतं आणि झाकण आतून बंद झालेलं असतं. उघडलं तर तो जळणार, न उघडलं तर ती माणूस होऊ शकत नाही. भांडण अर्थातच पहाटेवरून, पण भांडायला तिच्याकडे तोंड नाही. ती झाकणावर एकदा पंजा मारते आणि मग पेटीला पाठ लावून दिवसभर पडून राहते. दारावर टकटक होते, कोणीतरी तिच्या नावाने हाक मारतं, ती कान टवकारते आणि उठत नाही.

संध्याकाळी झाकण चारेक बोटं वर होतं. आतून गार पडलेला शर्ट धरलेला हात बाहेर येतो, आणि तो म्हणतो, "मी बघत नाहीये."