चार इंच लांब मांडलेली खुर्ची

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी घडत नाहीत. तरीही एकाच्या अनुभवावरून, पुष्कळदा तर नुसत्या ऐकीव गोष्टींवरून, आपण अख्ख्या समूहाचं चित्र मनात पक्कं करून टाकतो. हा साचा. त्या समूहाबद्दल आधीपासून मनात बसलेली नावड किंवा अविश्वास म्हणजे पूर्वग्रह, आणि त्यापायी माणसाला वेगळं वागवणं म्हणजे भेदभाव. हे तिन्ही शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण भेदभाव व्हायला मनात द्वेष असावाच लागतो असं नाही, आणि मला तेच सगळ्यात अस्वस्थ करतं.

वर्ड, झॅना आणि कूपर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग 1974 साली प्रसिद्ध झाला. गोऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखती घ्यायला बसवलं होतं. उमेदवार काही गोरे, काही कृष्णवर्णीय. पण सगळ्यांना एकसारखं वागायची तालीम दिलेली. मुलाखत घेणाऱ्याची खुर्ची खोलीत मुद्दामच ठेवली नव्हती. शेजारून आणून ती त्याने हवी तिथे मांडायची. कृष्णवर्णीय उमेदवारासमोर ती सरासरी सुमारे 4 इंच जास्त लांब मांडली गेली. गोऱ्या उमेदवारांच्या मुलाखती जवळपास 13 मिनिटं चालल्या, कृष्णवर्णीयांच्या साडेनऊच्या आत आटोपल्या. प्रश्न विचारताना जीभही जास्त अडखळली.

खरी गोष्ट पुढच्या टप्प्यात आहे. आता उमेदवार सगळे गोरे होते आणि तालीम मुलाखत घेणाऱ्यांना दिली होती. निम्म्या उमेदवारांसमोर ते लांब बसले, अडखळत बोलले, मुलाखत लवकर उरकली. नंतर चित्रफिती पाहून गुण देणाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना हे निम्मे उमेदवार जास्त बावरलेले आणि त्या कामासाठी कमी लायक वाटले.

पूर्वग्रह आपला पुरावा असा स्वतःच तयार करतो. ‘उमेदवार बिचकत होता’ असा शेरा मुलाखत घेणारा प्रामाणिकपणे लिहील, आणि उमेदवार खरोखरच बिचकलेला असेल. आपण खुर्ची कुठे मांडली होती, हे मात्र त्याच्या लक्षातही नसेल.

प्रयोग छोटा होता, माणसं मोजकी होती. एकट्या त्याच्यावर मोठा डोलारा उभारू नये. पण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात तर समोरासमोर भेटही नव्हती. बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे 5000 काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं तेवढी वेगळी. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीयांची वाटणारी नावं असलेल्या अर्जांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली.

मनातला साचा एका दिवसात मोडत नाही. त्याला शिरकाव करायला वाव मात्र कमी ठेवता येतो. अर्ज चाळताना नाव झाकायचं. मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे, वेळ तेवढाच द्यायचा, गुण तिथल्या तिथे लिहायचे. आणि खुर्ची आधीच मांडून ठेवायची.