सुमेरचे देव आणि त्यांच्या जमिनी : पार्श्वभूमी

आजच्या दक्षिण इराकमधील सपाट, गाळाच्या प्रदेशात इ.स.पू. चौथ्या सहस्रकात सुमेरी संस्कृतीची पहिली शहरे उभी राहिली. या शहरांत धर्म आणि समाजरचना यांचे नाते काय होते, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांनी एक ठाम उत्तर दिले होते : शहर देवाचे, सगळी जमीन देवाची आणि रहिवासी मंदिराचे चाकर. ‘मंदिर-राज्य’ ही कल्पना पाठ्यपुस्तकांत रुजली आणि लोकप्रिय लेखनात ती अजूनही आढळते. ती बरीचशी एकाच दप्तरावरून बेतलेली होती, आणि ते दप्तर मुळात मंदिराचे होते का, हाच प्रश्न आहे.

मंदिराचे महत्त्व मात्र काल्पनिक नव्हे. या भागात पाऊस इतका तुटपुंजा की पाटाच्या पाण्याशिवाय शेती नाही. पाट खणणे, गाळ उपसणे, सुगीचे धान्य साठवून वर्षभर पुरवणे ही कामे एकेका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. उरुक या सुमेरी शहरात इनान्ना देवीच्या एआन्ना या आवारात इ.स.पू. 3300 ते 3000 या काळातील मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. जगातील सर्वांत जुन्या लेखनात त्यांची गणना होते, आणि त्यांतील बहुसंख्य पाट्यांवर जव, मेंढ्या, कापड आणि मजूर यांचे हिशेब आहेत. देवळाच्या आवारातील या पाट्यांत स्तोत्रे किंवा पुराणकथा नाहीत. उरलेल्यांत शब्दांच्या याद्या आहेत आणि त्यांपैकी एकीत पदे व व्यवसाय ओळीने मांडले आहेत, वरिष्ठ पदे आधी. पुढच्या पिढ्यांतील लेखनिक ही यादी हजार वर्षांनंतरही गिरवत होते.

उरुकमध्येच 1933-34 च्या उत्खननात संगजिऱ्यासारख्या मऊ दगडाचा, मीटरभराहून किंचित उंच असा एक कोरीव कलश मिळाला. त्यावर सर्वांत खाली पाण्याच्या लाटा, त्यावर पिकांची रांग, मग मेंढ्या, मग टोपल्या व भांडी वाहून नेणारे विवस्त्र पुरुष, आणि सर्वांत वरच्या पट्ट्यात बोरूच्या जुड्यांचे दोन खांब दिसतात; त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या इनान्नेला, किंवा तिच्या पुजारिणीला, नैवेद्य अर्पण होत आहे. शासकाची आकृती असावी तो भाग नेमका तुटलेला आहे, पण त्याच्या वस्त्राचा सोगा धरणारा सेवक शिल्लक आहे. समाज कसा असावा याबद्दलची सत्ताधाऱ्यांची कल्पना इतक्या थोड्या जागेत क्वचितच कोणी कोरली असेल. एप्रिल 2003 मध्ये बगदादच्या संग्रहालयातून हा कलश लुटला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तुकड्यांच्या अवस्थेत परत आला.

‘मंदिर-राज्या’चा सिद्धान्त मात्र उरुकवर नव्हे, तर लगश राज्यातील गिर्सू या शहरावर उभा राहिला. तेथून इ.स.पू. चोविसाव्या शतकातील, जेमतेम दोन दशकांचे, सतराशेहून अधिक पाट्यांचे दप्तर युरोपातील संग्रहालयांत पोहोचले. त्यात ‘बाऊ देवीच्या घरा’ची शेते, गुरे, मासेमार, विणकर बायका आणि त्यांची मुले यांची काटेकोर नोंद होती. जमिनीचे तीन भाग दिसत : काही मंदिराच्या खर्चासाठी कसली जाई, काही चाकरांना पोटापाण्यासाठी तोडून दिलेली असे आणि काही खंडाने लावलेली असे. ज्यांच्याकडे असा तुकडा होता त्यांना वर्षातले काही महिनेच जवाचा शिधा मिळे. विणकर बायकांसारखे जे केवळ शिध्यावर जगत, त्यांना तो दरमहा मिळे. समाजातील उतरंड या फरकातच नोंदली गेली आहे. आना श्नायडर यांनी 1920 मध्ये आणि आंतोन डाइमेल या जेझुइट पंडितांनी 1931 मध्ये या नोंदींवरून निष्कर्ष काढला, की लगशची सारी जमीन देवळांचीच होती.

पुढे इगोर द्याकोनोव आणि इग्नेस गेल्ब या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. कुटुंबांनी आपली जमीन विकल्याचे, त्या वेळी भाऊबंदांना भेटी दिल्याचे दस्त त्याच सहस्रकातील दगडी व मातीच्या लेखांत आहेत. सगळी जमीन देवाची असती तर हे व्यवहार झालेच नसते. त्याहून बोचरी गोष्ट दप्तरातच आहे. ‘बाऊचे घर’ हे आधी ‘स्त्रीचे घर’, म्हणजे शासकाच्या पत्नीची जहागीर होती. लगशचा शासक लुगलंदा याची पत्नी बरनमतरा ते सांभाळत असे. लुगलंदानंतर उरुकगिना सत्तेवर आला, त्याने सुधारणा जाहीर केल्या आणि लेखनिक त्याच मालमत्तेला देवीचे नाव लावू लागले. कारभार मात्र त्याच्या राणीच्या, सासाच्या, हाती राहिला आणि वाढलाही.

या सुधारणा मातीच्या शंकूंवर कोरलेल्या आहेत. पूर्वी देवांचे बैल शासकाच्या कांद्याच्या वाफ्यांत राबत, मृताच्या दफनासाठी बिअरचे सात घडे आणि 420 भाकरी वसूल होत, अशी तक्रार त्यांत आहे. नवा दर तीन घडे आणि 80 भाकरी असा ठरला. शासक, त्याची पत्नी आणि मुले यांची शेते ‘परत’ लगशचा देव निंगिर्सू, त्याची पत्नी बाऊ आणि त्यांच्या पुत्राच्या नावे झाल्याचेही त्यात नमूद आहे. यात लोकांची खरी सोय किती आणि गादी बळकावलेल्या माणसाची सारवासारव किती, याबद्दल मतभेद आहेत. मला दुसरा भाग जड वाटतो. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर नाव देवाचे असते आणि कसणारा, खाणारा कोण हे गावाला ठाऊक असते. गिर्सूचा हिशेब वाचताना तेच आठवते.

तरीही नाव देवाचे लागणे ही निव्वळ धूळफेक नव्हती. लगश आणि शेजारचे उम्मा शहर यांच्यातील पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतांचा तंटा लगशच्या लेखांत निंगिर्सू आणि शारा या दोन देवांचा तंटा म्हणून येतो. सीमा देवांचा प्रमुख एन्लिल याने आखून दिलेली असते, आणि लगशचा राजा एआन्नातुम याच्या विजयस्तंभावर शत्रूंना जाळ्यात पकडणारा राजा नसून स्वतः देव आहे. सुमारे इ.स.पू. 2350 मध्ये उम्माच्या लुगलझगेसीने लगश लुटले, तेव्हा तेथील लेखनिकाने जाळलेल्या देवळांची यादी केली, उरुकगिनाचा यात काही दोष नाही असे नोंदवले आणि हे पाप लुगलझगेसीची देवी निसाबा हिच्या मानेवर बसो असा शाप दिला. थोड्याच काळात अक्कादच्या सार्गोनने लुगलझगेसीला हरवून निप्पूर येथे एन्लिलच्या दारात मानेला खोडा घालून उभे केले. त्याने आपली मुलगी एन्हेदुआन्ना हिला उर येथील चंद्रदेव नन्नाची मुख्य पुजारीण नेमले, आणि राजकन्येला ते पद देण्याची पद्धत पुढे सुमारे पाचशे वर्षे, राजघराणी बदलत असतानाही, चालू राहिली.