सहा किलोमीटरला पावणेसहा वर्षं, मग राजवाड्याखालच्या भुयाराला किती?

इंदूर मेट्रोचं भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१९ ला झालं आणि प्रवाशांसाठी पहिली गाडी सुटली ३१ मे २०२५ ला, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी. गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, पाच स्थानकं, सुमारे सहा किलोमीटर. तेव्हापासून रामबागेत काय नि लोकमान्यनगरात काय, मेट्रोचा विषय निघाला की कोणीतरी त्रैराशिक मांडतंच: सहा किलोमीटरला पावणेसहा वर्षं, तर साडेएकतीस किलोमीटरच्या पूर्ण वर्तुळाला किती? उत्तर तीस वर्षं येतं, आणि ते चूक आहे. मेट्रोचा वेळ किलोमीटरच्या हिशेबाने जात नाही.

पहिल्या सहा किलोमीटरच्या खात्यात संपूर्ण मार्गाचा बराचसा पाया आहे. गाड्यांचा डेपो, वीज उपकेंद्र, नियंत्रण कक्ष, डब्यांची रचना आणि चाचण्या, हे सगळं एक किलोमीटर चालवायचा असला तरी लागतं. मध्ये करोनाचं वर्षही गेलं. शिवाय पुढचे किलोमीटर एकापाठोपाठ एक होत नाहीत, अनेक ठिकाणी एकाच वेळी होतात. म्हणून उन्नत, म्हणजे खांबांवरच्या भागाबद्दल निराश होण्याचं कारण नाही. खरी परीक्षा भुयारी भागात आहे.

उन्नत मार्गाचं थोडक्यात सांगतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, म्हणून खांबाचं ओझं तिच्यावर टाकता येत नाही. मीटर-सव्वा मीटर व्यासाचे पाइल, म्हणजे जमिनीतले काँक्रीटचे खांब, मुरूम ओलांडून पक्क्या काळ्या पाषाणात रोवतात. वरचा पूल कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांचा, म्हणजे सेगमेंटचा असतो. लाँचिंग गर्डर नावाची पोलादी तुळई दोन खांबांवर बसून नऊ-दहा सेगमेंट उचलते, सांध्यांना इपॉक्सी लावतात, आतून पोलादी केबल ओवून ताणतात, की पंचवीस-तीस मीटरचा गाळा तयार. सरावलेली टोळी तीन ते पाच दिवसांत एक गाळा पुरा करते. उन्नत मार्ग रखडतो तो बहुधा गाळ्यांमुळे नाही. जमिनीखालची पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि विजेची केबल हलवण्यात महिने जातात.

आता भुयाराकडे. मूळ आराखड्यात रेल्वे स्टेशन, राजवाडा, छोटा गणपती, बडा गणपती करत विमानतळापर्यंत सुमारे पावणेनऊ किलोमीटर आणि सात स्थानकं जमिनीखाली आहेत. इथली जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून झालेली. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, माथा मात्र सच्छिद्र आणि कुजका. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी साठतं ते या सांध्यांत आणि भेगांत. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि वीस मीटरवरचं कोरडं जातं. हातावर नारळ उभा करून पाणी सांगणाऱ्याचा अंदाज कधी बरोबर येतो, यामागे एवढंच आहे: पाणी बऱ्याच ठिकाणी आहे, फक्त सलग नाही. भुयारासाठी असला अंदाज चालत नाही. मार्गावर साधारण दर पन्नास मीटरला छिद्र घेऊन दगडाचा गोल दांडा बाहेर काढतात, त्यातले तुकडे मोजतात आणि पाण्याची पातळी महिनोन्‌महिने नोंदवतात.

भुयार खणणाऱ्या यंत्राला सगळे टीबीएम (टनेल बोअरिंग मशीन) म्हणतात. शहरी मेट्रोत त्याच्या तोंडाचा व्यास साधारण ६.६ मीटर असतो. आत बसणारी काँक्रीटची रिंग बाहेरून ६.३५ मीटर, जाडी २७५ मिलिमीटर, म्हणजे आतली पोकळी ५.८ मीटरची. इंदूरला गाडीची वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते, ७५० व्होल्ट डीसी, त्यामुळे डोक्यावर तारांसाठी उंची ठेवावी लागत नाही.

एक रिंग १.४ मीटर रुंद, सहा तुकड्यांची, वजन सुमारे १८ टन. यंत्र आधीच बसवलेल्या रिंगवर जॅक टेकवून स्वतःला पुढे ढकलतं. १.४ मीटर पुढे गेलं की थांबतं, जॅक एकेक करून मागे घेतात, तिथे तुकडे बसवतात, सगळ्यात शेवटी पाचरीसारखा की-सेगमेंट. पुन्हा ढकल. सगळं सुरळीत असेल तर ढकलायला पाऊण तास आणि रिंग बसवायला तितकाच.

या एका चक्रात ४८ घनमीटर जमीन कापली जाते. खणल्यावर ती सैल होऊन सत्तर-पंचाहत्तर घनमीटर होते, म्हणजे सात-आठ डंपर. आणि इथेच या कामाचा प्राण आहे. कापलेली माती लगेच बाहेर टाकत नाहीत; तोंडावरच्या कापणाऱ्या चाकामागच्या बंद कप्प्यात ती दाबून भरलेली ठेवतात. समोरची माती आणि पाणी आत ढकलतात, कप्प्यातली माती त्यांना थोपवते. कप्प्यातून बाहेर पडायचा रस्ता एकच, स्क्रू कन्व्हेयर, म्हणजे फिरत माती मागे ओढणारा मोठा स्क्रू. स्क्रू जोरात फिरवला तर दाब उतरतो आणि समोरची जमीन आत कोसळते. हळू फिरवला तर दाब चढतो, वरचा रस्ता उचलतो, माती मऊ करायला सोडलेला फेस जुन्या बोअरमधून वर येतो. पंधरा मीटर खोलीवर, पाण्याची पातळी पाच मीटरवर असेल तर नुसत्या पाण्याचाच दाब एक बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका. मातीचा धरून दीड-दोन बार राखावा लागतो, दर क्षणी. चालकासमोरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगाचा नसतो, माती बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावरच्या वजनकाट्याचा असतो. ४८ घनमीटरऐवजी ५२ घनमीटरचं वजन आलं, तर चार घनमीटरची पोकळी डोक्यावर कुठेतरी तयार झाली आहे. ती आज दिसत नाही. कधी आठवड्याने रस्त्यावर खड्डा होऊन वर येते.

रिंग आणि कापलेली जमीन यांच्यात सभोवार १२५ मिलिमीटरची फट राहते. तिच्यात दर रिंगमागे साडेतीन घनमीटर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, लगेच भरावं लागतं. उशीर झाला तर जमीन ती फट स्वतः भरते, आणि वरची घरं खचतात.

किती खचतात, याचा हिशेब भूतंत्र अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडला. भुयारावरची जमीन घंटेच्या आकाराच्या वक्राने बसते. समजा कापलेल्या क्षेत्राच्या एक टक्का जमीन आत सरकली. क्षेत्र ३४ चौरस मीटर, म्हणजे दर मीटरला ०.३४ घनमीटर तूट. वक्राची रुंदी ठरवणारी लांबी खोलीच्या साधारण निम्मी, साडेसात मीटर. तूट भागिले अडीच पट साडेसात, म्हणजे मधोमध १८ मिलिमीटर. तूट अर्धा टक्काच राखली तर ९. पक्क्या दगडात याहून पुष्कळ कमी. पण भिंत तडकते ती सरसकट खचण्याने नाही, असमान खचण्याने. वाड्याचा एक कोपरा १८ मिलिमीटर गेला आणि वीस मीटरवरचा दुसरा जागच्या जागी राहिला, तर तडा मधल्या दाराच्या वर पडणार.

माळव्यात पंचाईत होते ती तोंडाच्या खालच्या अर्ध्यात पाषाण आणि वरच्या अर्ध्यात मुरूम किंवा चिकण असते तेव्हा. दगड फोडणाऱ्या पोलादी तबकड्या प्रत्येक फेऱ्यात मातीतून येऊन दगडाच्या कडेवर आदळतात. मऊ मातीत तबकडी स्वतःभोवती फिरणंच थांबवते, एकाच बाजूने घासून सपाट होते, आणि मग दगड फुटेनासा होतो. ओल्या शेतातून चालताना चपलेला चिखलाचे थर चढतात तशी चिकण तोंडावर चढते. तबकड्या बदलायला माणसांना दाबाच्या हवेत, त्या कप्प्यात उतरावं लागतं. असे दिवस शून्य मीटरचे. म्हणून ‘एका दिवसात विक्रमी इतके मीटर’ या बातमीला महत्त्व देऊ नये. महिन्याची सरासरी विचारावी. ती दोनशे मीटर असली तर काम उत्तम चाललं आहे.

आणखी एक धोका खास इंदूरचा: बुजवलेल्या बावड्या आणि विहिरी. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, मंदिरातल्या झाकलेल्या बावडीवरची फरशी कोसळून ३६ माणसं गेली. जुन्या शहरात अशा किती जागा फरशीखाली आहेत, ते नकाशावर सापडत नाही. यंत्र अशा विहिरीखालून गेलं तर कप्प्यातला दाब तिच्यातून निसटतो. घराघरांत जाऊन विहिरीची चौकशी करणं हे म्हणूनच अभियांत्रिकीचंच काम आहे. घरात बुजवलेली विहीर असेल, तर सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला ती जरूर दाखवावी.

आता वेळ. पावणेनऊ किलोमीटरची दोन भुयारं, स्थानकांची लांबी वजा करून सुमारे पंधरा किलोमीटर. चार यंत्रं, प्रत्येकी महिन्याला दोनशे मीटर, म्हणजे एकोणीस महिने. म्हणजे खणणं दीड-पावणेदोन वर्षांचं! बाकीची वर्षं स्थानकं खातात.

भुयारी स्थानक म्हणजे दीडशे-दोनशे मीटर लांब, वीस-बावीस मीटर रुंद आणि तितकाच खोल खड्डा. आधी कडेने पाइलची भिंत, मग टप्प्याटप्प्याने खोदाई, प्रत्येक टप्प्यावर आधार. पाषाण लागला की सुरुंग हवा, पण राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. ऐतिहासिक वास्तूंना सुरुंगाच्या कंपनाची मर्यादा कमी वारंवारितेला सेकंदाला २ मिलिमीटर आहे. ती पाळायची तर सुरुंग बंद, नुसता ब्रेकर (दगड फोडणारा यांत्रिक हातोडा), आणि खोदाईचा वेग निम्म्यावर. मलबा न्यायचा तर डंपर रात्रीच, आणि सराफ्याची खाऊगल्लीही रात्रीच गजबजते. रस्ता लवकर मोकळा करायचा असेल तर छत आधी ओतून त्याच्याखाली खोदतात. वाहतूक लवकर सुरू होते, पण खालचं काम छतातल्या मोजक्या भोकांतून मलबा उपसत लांबतं.

मुंबईची ३ नंबरची मार्गिका अशाच ज्वालामुखीच्या खडकातून गेली. ३३.५ किलोमीटर, १७ यंत्रं. त्यांना वैतरणा, कृष्णा अशी नद्यांची नावं होती. पहिलं भुयार सप्टेंबर २०१८ मध्ये आरपार झालं, शेवटचं २०२२ च्या अखेरीस. गाडी आरे ते बीकेसी धावली ऑक्टोबर २०२४ मध्ये, पूर्ण मार्गावर ऑक्टोबर २०२५ मध्ये. शेवटचं भुयार संपल्यावर जवळजवळ तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत रूळ, वायुवीजनाचे पंखे, धूर खेचण्याची व्यवस्था, सिग्नल, सरकते जिने, अग्निशमन हे सगळं बसतं, आणि तेही एकाच अरुंद भुयारातून एकमेकांची वाट बघत. मग रिकाम्या गाडीच्या चाचण्या, शेवटी मेट्रो रेल सुरक्षा आयुक्तांची तपासणी. म्हणून राजवाड्याच्या स्थानकाची तारीख कोणी सांगितली, तर दोन गोष्टी विचाराव्यात: यंत्र उतरवायच्या खड्ड्याचा तळ ओतला का, आणि मार्ग कायम झाला का. उन्नत की भुयारी हेच बदलत असेल, तर नवी छिद्रं, नवी निविदा, नवा आराखडा, आणि वर्ष-दीड वर्ष तिथेच जातं. तळ ओतला असेल तर त्या दिवसापासून चार-साडेचार वर्षं धरावीत.