नाटकाचे पडद्यावरील प्रदर्शन (गोवा)

रंगमंचावर प्रेक्षकांसमोर झालेला प्रयोग अनेक कॅमेऱ्यांनी टिपायचा आणि तो चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा, अशी ही पद्धत. नाटकावरून काढलेला चित्रपट वेगळा. त्यात रंगमंच नाहीसा होतो. इथे विंगा, दर्शनी पडदा, प्रेक्षागृहातल्या टाळ्या सगळे तसेच राहते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६ मध्ये आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये ‘फेद्र’ या नाटकापासून तीच वाट धरली. हेलन मिरन यांची भूमिका असलेला तो प्रयोग उपग्रहाद्वारे थेट पडद्यावर आला. पुढे असे प्रयोग नंतरही पुन्हा दाखवले जाऊ लागले.

गोव्यात या पद्धतीचा विचार करताना गावचे नाटक बाजूला ठेवता येत नाही. जत्रेला, कालोत्सवाला देवळासमोर मंडप उभा राहतो, ड्रेपरी म्हणजे पडदे-पोशाख येतात, पेटी-तबला विंगेत बसतो आणि नाटक मध्यरात्र उलटून जाते. तिकीट नसते. पहिल्या रांगेत लहान मुले चटईवर झोपलेली असतात, आणि एखादे पद रंगले की मागून ‘वन्समोअर’ येतो. गायक नट पेटीवाल्याकडे पाहतो, पेटीवाला सूर धरतो, पद पुन्हा सुरू होते. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या भूमीत ही सवय रक्तात भिनलेली आहे. पडद्यावरचा नट मात्र या हाकेला ओ देत नाही. संगीत नाटकाच्या चित्रणातली सर्वांत मोठी उणीव हीच, आणि चित्रण कितीही सुबक केले तरी ती भरून निघत नाही.

दुसरी अडचण रंगभूषेची. शेवटच्या रांगेला दिसावे म्हणून ओढलेल्या भुवया आणि डिंकाने चिकटवलेली मिशी जवळच्या दृश्यात उघडी पडते. आवाजाचेही तसेच: वरून लोंबणारे दोन-तीन माइक मंडपाला पुरतात, पण चित्रणात पावलांचा आवाज संवादावर चढतो. म्हणून चांगल्या चित्रणात नटांना कपड्यात लपणारे माइक देतात आणि मंचाची पूर्ण चौकट वरचेवर दाखवतात. समोरचा बोलत असताना गप्प उभ्या नटाचा चेहरा हा नाटकाचा अर्धा जीव असतो. प्रेक्षागृहात बसलेला माणूस तो स्वतः निवडून पाहतो. पडद्यावर ती निवड संकलक करतो.

तरीही गोव्याला या पद्धतीची गरज आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. गावच्या हौशी मंडळींचा प्रयोग बहुधा एकदाच होतो आणि दुसऱ्या दिवशी मंडपाबरोबर उतरतो. तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या, व्हीसीडी घराघरांत पोचल्या, तसे मराठी उत्सवी नाटकांच्या बाबतीत फारसे झाले नाही. सोय नाही असेही नव्हे. पणजीला २००४ मध्ये इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, उभे राहिलेले बहुपडदा चित्रपटगृह आहे, आणि चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कला अकादमीच्या वास्तूत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर आहे.

प्रदर्शनापूर्वी नाटककार, निर्माता, नट आणि संगीतकार यांची परवानगी घ्यावी लागते, कारण प्रयोगाच्या परवान्यात चित्रणाचा हक्क आपोआप येत नाही. चित्रपटगृहात दाखवायचे तर सेन्सॉरचे प्रमाणपत्रही लागते. मध्यंतर मूळ प्रयोगात जिथे असेल तिथेच ठेवावे. नाटककाराने अंक त्याच जागी पाडलेला असतो.