जोडीचा खेळ आणि उडीचा खेळ: सम-विषमची खिचडी इथं होते

लेकरांना सम-विषम खेळातून शिकवायचं म्हणलं की दोन खेळ हमखास निघतात. एक जोडीचा, म्हणजे सगळे मैदानात पळायलेत, सरांनी शिट्टी मारली की हात धरून जोड्या करायच्या, कुणी एकटं उरलं तर विषम, कुणीच नाही उरलं तर सम. दुसरा उडीचा, म्हणजे ० ते २० चौकोन आखायचे आन् एक सोडून एक उडी, २, ४, ६ (शहाबादी फरशी असेल तर चौकोन आयतेच मिळतात, खडूने नंबर टाकले की झालं, फक्त एप्रिलमध्ये हे सकाळच्या शाळेतच उरका, नंतर आपल्याकडं पाय भाजतात). दोन्हीत दोन-दोनच चाललेलं असतंय म्हणून वाटतं की एकच गोष्ट आहे, कुठलाही घ्या. तसं नाहीये.

जोडीच्या खेळात नंबर कुणालाच नसतो. सम किंवा विषम असते ती सगळ्यांची मिळून संख्या. १३ जण पळायलेत, ६ जोड्या झाल्या, एक उरलं, तर १३ विषम. ते उरलेलं लेकरू काही विषम नसतंय. पण पोरं लगेच 'ए तू विषम' करून चिडवतात, आपणही त्याला आऊट म्हणून बाजूला बसवतो, मंग त्याच्या डोक्यात विषम म्हणजे शिक्षा असंच बसतं. त्यापेक्षा पुढची शिट्टी त्यालाच द्या, उरायला भांडतील बघा. आन् आता पळणारे किती राहिले, सम की विषम, हे पण त्यालाच विचारा. आज्जीच्या काळची चिंचोक्यांची एकी-बेकी याच जातीची, मूठ उघडायची आणि दोन-दोन बाजूला सारायचे.

उडीत मात्र प्रत्येक चौकोनाला नंबर आहे, ७ वर उभं असलेलं लेकरू खरंच विषम संख्येवर उभं आहे. इथं किती ते मोजत नाही, ओळीत कुठं ते बघतो. 'दोनची उडी म्हणजे सम' असं शिकवून टाकलं की घोळ झालाच, १ वर उभं राहून दोन-दोनच्या उड्या मारा की, १, ३, ५, ७, सगळे विषमच. उडीत सुरुवात कुठून केली त्यावर सगळं आहे, जोडीत कुणापासूनही सुरू करा, उत्तर तेच.

खरी खिचडी होते ती हजेरी नंबर देऊन जोड्या करायला लावल्यावर. ७ नंबरवाल्याने ८ नंबरवालीचा हात धरला आणि विचारलं, सर मला जोडी भेटली, मंग मी सम झालो का? काय सांगणार त्याला! त्याचं काहीच चुकलेलं नाही, दोन खेळ आपणच एकात घातलेत. नंबर द्यायचेच असतील तर 'विषमवाले खाली बसा' एवढंच घ्या.

आधी कोणता, तर माझं मत जोडीचा. विषम अधिक विषम सम का होतं ते त्यातच दिसतं. कबड्डीचे दोन संघ घ्या, ७ आणि ७, दोन्हीकडं ३-३ जोड्या आणि एक-एक उरलेला, त्या दोघांनी हात धरला की १४ जणांत कुणी एकटं नाही. पण ३४८ ला काय करणार, तेवढी लेकरं कुठून आणायची? तिथं उडी कामाला येते, पट्टा लांब केला की शेवटी ०, २, ४, ६, ८ हेच फिरून फिरून येतात हे पोरांनाच दिसतं. ते का, याला परत जोडीकडंच यावं लागतं, १० जणांच्या बरोब्बर ५ जोड्या होतात, म्हणून दहाचे गठ्ठे कितीही असले तरी कुणी उरत नाही, बघायचे ते फक्त सुटे. ३० ला विषम म्हणणारं लेकरू पुढचा ३ बघून फसलेलं असतंय.

खो-खोत तर दोन्ही एकदम आहे. ९ जणांतले ८ बसलेले, एक सुटा पळायलाय, हे झालं जोडीचं. आणि बसलेल्यांची तोंडं आळीपाळीने उलट, १, ३, ५, ७ इकडं तर २, ४, ६, ८ तिकडं, हे झालं उडीचं.

शून्याला मात्र मोठी माणसंही अडतात. सगळ्यांना मैदानाबाहेर काढा आणि विचारा, आत कुणी एकटं उरलंय का? नाही ना, मंग सम. आणि पट्ट्यावर २ वरून एक उडी मागं मारली तरी पाय शून्यावरच पडतोय.