डायव्हर्जन्सची वॉर्निंग आणि नरसाळ्याचा गळा

मे २०२४ च्या शेवटी नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच आकडा फिरत होता, ५६ अंश. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं तो नोंदवला होता, सोनेगावचं केंद्र ५४ दाखवत होतं, आणि आसपासची दुसरी दोन केंद्रं मात्र ४४ वरच होती. उकडून तर सगळ्यांचाच जीव चालला होता, त्यामुळं बऱ्याच जणांनी आकडा खरा मानला, काहींनी "नवतपा लागलाय ना, सूर्य रोहिणीत गेला की असंच" म्हणून कारणही देऊन टाकलं. (मेच्या शेवटी विदर्भ तापतो कारण ऊन जवळपास डोक्यावरून पडतं, आभाळ मोकळं असतं, जमीन कोरडी ठाक असते आणि मान्सूनला अजून वेळ असतो. रोहिणीचा तो तांबूस तारा इथून ६५ प्रकाशवर्षं लांब आहे, त्याला आपल्या कूलरचं काही पडलेलं नाही.)

नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडले होते. पण ते सांगायच्या आधीच शंका यायला हवी होती, कारण नागपूरचा आजवरचा उच्चांक ४७.९, तोही मे २०१३ मधला, आणि अख्ख्या जगाचा मान्य उच्चांक ५६.७, १९१३ मधला, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा. सेन्सर बिघडणं नेहमीचं, शहरानं एका दुपारी आपला उच्चांक आठ अंशांनी मोडणं जवळपास अशक्य, आणि शेजारची केंद्रं ४४ म्हणतायत. हे सगळं एकत्र तोलून मत बनवणं म्हणजेच बेझियन विचार. आधीपासून माहीत असलेलं ते प्रायर, नवीन पुरावा आल्यावर सुधारलेलं मत ते पोस्टेरिअर. थॉमस बेझ १७६१ मधे गेला, त्याचा निबंध १७६३ मधे त्याचा मित्र रिचर्ड प्राइसनं पुढं आणला, आणि गणित म्हणाल तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं पोरगं करेल इतकंच आहे.

मग स्टॅन नावाच्या सॉफ्टवेअरवर असलं बेझियन मॉडेल चालवून पीएचडीची पोरं आमच्याकडं लॅपटॉप घेऊन येतात ती का? "सर, रिझल्ट तर येऊन राहिला, पण खाली लाल अक्षरात काहीतरी म्हणून राहिलं." ते लाल अक्षरातलं बहुतेक वेळा एकच असतं, वॉर्म-अप (म्हणजे सुरुवातीची जुळवाजुळव) नंतर इतके इतके डायव्हर्जंट ट्रान्झिशन. आणि पुढचा प्रश्नही ठरलेला, "ही वॉर्निंग बंद कशी करायची?"

बंद करू नका. माझ्या मते त्या अख्ख्या आउटपुटमधली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, आणि ती का येते हे समजलं तर अर्धी बेझियन कॉम्प्युटिंग समजली.

बेझच्या सूत्रात वरचा गुणाकार सोपा असतो, खालचा भागाकार करायला मात्र सगळ्या शक्यतांवर बेरीज घ्यावी लागते, आणि मॉडेलमधे तीस-चाळीस अज्ञात आकडे असले की ती बेरीज हातानं सोडा, कॉम्प्युटरनंही सरळ होत नाही. म्हणून सॉफ्टवेअर बेरीज टाळतं आणि त्या शक्यतांच्या प्रदेशात फिरून नमुने गोळा करतं, जिथं शक्यता जास्त तिथं जास्त वेळ, जिथं कमी तिथं कमी. १९४६ मधे आजारातून उठलेला गणितज्ञ स्तानिस्वाव उलाम एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत बसला होता, डाव सुटायची शक्यता गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेलं काय वाईट असं त्याला वाटलं, तिथून माँटे कार्लो पद्धत निघाली. १९५३ मधे मेट्रोपोलिस आणि मंडळींनी फिरण्याचा नियम दिला (त्याचा प्रोग्राम अरियाना रोझेनब्लुथनं लिहिला होता, आणि नियमाला नाव मात्र मेट्रोपोलिसचं). आज जे सॉफ्टवेअर पोरं वापरतात त्या स्टॅनचं नावही उलामवरूनच आलंय.

मेट्रोपोलिसचा नियम म्हणजे आंधळं चाचपडणं. स्टॅन त्यापेक्षा हुशार पद्धत वापरतं, हॅमिल्टोनियन माँटे कार्लो, आणि ही माझी लाडकी आहे म्हणून इथं जरा रेंगाळतो. शक्यतांचा डोंगर उलटा करा, म्हणजे जिथं शक्यता जास्त तिथं खळगा झाला. आता त्या पृष्ठभागावर एक कंचा (गोटी) ठेवा आणि त्याला कुठल्याही दिशेनं टिचकी मारा. कंचा उतारावरून घरंगळेल, समोरच्या चढावर चढेल, थोड्या वेळानं त्याला थांबवा, जागा लिहून घ्या, पुन्हा नवीन टिचकी. असं हजारो वेळा. १९८७ मधे चार भौतिकशास्त्रज्ञांनी हे मूलकणांच्या हिशोबासाठी काढलं, संख्याशास्त्रज्ञ रॅडफर्ड नील यांनी ते संख्याशास्त्रात आणलं, आणि कंचा मागं वळायला लागला की थांबायचं ही युक्ती २०१४ मधे हॉफमन आणि गेल्मन यांच्या पेपरमधे छापून आली.

खरा कंचा सलग घरंगळतो. कॉम्प्युटरमधला कंचा पावलं टाकत जातो, प्रत्येक पावलाला उतार किती ते बघतो, वेग बदलतो, पुढचं पाऊल टाकतो. भौतिकशास्त्र म्हणतं की गतीची आणि उंचीची मिळून ऊर्जा कायम राहिली पाहिजे. पावलं छोटी असली तर ती जवळपास कायम राहते. पण पाऊल मोठं आणि वळण एकदम तीव्र असलं तर कंचा भिंतीतून आरपार गेल्यासारखा भलतीकडंच फेकला जातो, ऊर्जेचा हिशोब फाटतो, आणि फरक १००० च्या वर गेला की स्टॅन म्हणतं, डायव्हर्जन्स.

आता असं तीव्र वळण येतं कुठून? समजा काटोल, नरखेड, वरुड भागातल्या आठ संत्रा बागा आहेत, प्रत्येक बागेतून झाडामागं किती किलो फळ निघालं याचा थोडाथोडा डेटा आहे. मॉडेल असं की प्रत्येक बागेची स्वतःची सरासरी, त्या सगळ्या सरासऱ्या एका सामाईक सरासरीभोवती पसरलेल्या, आणि तो पसारा किती याला म्हणू सिग्मा. सिग्मा मोठा असेल तर आठही बागा ऐसपैस कुठंही असू शकतात. सिग्मा शून्याजवळ असेल तर आठही बागांना एकाच आकड्यापाशी दाटीवाटीनं उभं राहावं लागतं. याचं चित्र काढलं की बरोबर नरसाळं निघतं, वर रुंद तोंड, खाली गळा, आणि गळा खाली खाली बारीकच होत जातो. नील यांनी २००३ मधे हाच आकार उदाहरण म्हणून दिला होता, म्हणून याला नीलचं नरसाळंच म्हणतात.

स्टॅन वॉर्म-अपमधे पावलाची एक लांबी ठरवतं आणि मग तीच वापरतं. तोंडाशी चालणारं पाऊल गळ्यात मावत नाही. कंचा गळ्याशी येतो, फेकला जातो, परत वरच फिरत राहतो. म्हणजे बिघाड नुसता वेळेचा नाही, गळ्यातले नमुने गोळाच होत नाहीत, सिग्माच्या लहान किमती हिशोबातून गळतात, आणि उत्तर येतं की बागाबागांत बराच फरक आहे. थिसिसमधे एक चॅप्टर वाढतो, मातीची कारणं शोधली जातात, आणि फरक मुळात असेलच असं नाही. म्हणून म्हणतो, वॉर्निंग बंद करू नका.

पोरं यावर पहिला उपाय करतात तो म्हणजे इटरेशन म्हणजे टिचक्यांची संख्या वाढवणं, दोन हजारांचे वीस हजार. काही होत नाही, कारण जो कंचा गळ्यात मावतच नाही तो दहापट वेळ दिला तरी मावणार नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त दशांश स्थळांपर्यंत मिळतं. दुसरा उपाय सीड (रँडम आकडे कुठून सुरू करायचे तो आकडा) बदलून बदलून चालवायचं, जोपर्यंत लाल अक्षरं जात नाहीत तोपर्यंत. हे विज्ञान नाही बे, हे मुहूर्त काढणं झालं.

तिसरा उपाय खरा आहे पण अर्धा, अॅडॅप्ट डेल्टा नावाची सेटिंग ०.८ वरून ०.९५ किंवा ०.९९ करायची, म्हणजे स्टॅन पावलं छोटी ठेवतं. डायव्हर्जन्स मोजके असतील तर भागतं. पण खऱ्या नरसाळ्याचा गळा संपतच नाही, किती छोटं पाऊल घेणार?

अस्सल उपाय म्हणजे नरसाळंच मोडायचं. बागेची सरासरी थेट शोधण्याऐवजी असं लिहायचं, बागेची सरासरी = सामाईक सरासरी + सिग्मा × झेड, आणि झेड म्हणजे शून्याभोवतीचा साधा नॉर्मल आकडा. मॉडेल तेच, अर्थ तोच, फक्त कंचा आता झेड आणि सिग्माच्या पृष्ठभागावर फिरतो, आणि तिथं झेडचा पसारा सिग्मावर अवलंबून नाही, म्हणून गळाच नाही, पाऊल कुठंही मावतं. याला नॉन-सेंटर्ड मांडणी म्हणतात. मला हे अजूनही भारी वाटतं, एक ओळ बदलली आणि प्रदेशाचा आकारच बदलला. मात्र प्रत्येक बागेतून भरपूर डेटा असेल तर उलटं होतं, डेटा बागेची सरासरी घट्ट धरून ठेवतो आणि जुनी मांडणीच बरी चालते, तेव्हा हे डोळे झाकून सगळीकडं लावू नका. ब्रम्स (स्टॅनचा कोड आपोआप लिहून देणारं आर भाषेतलं पॅकेज) वापरणाऱ्यांना हे आपोआप मिळतं, तरी डायव्हर्जन्स आले तर भानगड दुसरीकडं आहे.

दुसरीकडं म्हणजे बहुतेकदा प्रायरमधे किंवा एककांत. वरच्या पेपरवाले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेल्मन २००८ पासून एक गोष्ट सांगतायत, कॉम्प्युटिंग अडलं की बऱ्याचदा मॉडेलच चुकलेलं असतं. तापमानाच्या मॉडेलला "आम्हाला काहीच माहीत नाही" म्हणून हजाराच्या पसाऱ्याचा प्रायर दिला तर मॉडेलच्या मते मेमधलं नागपूर उणे सातशे अंशही असू शकतं. डेटा न देता नुसत्या प्रायरमधून आकडे काढून बघा, हा प्रायर प्रेडिक्टिव्ह चेक, पाच मिनिटांचं काम आहे. वर्ष २०१३, २०१४ असं कच्चंच टाकलं तर इंटरसेप्ट (रेषेची सुरुवातीची किंमत) म्हणजे सन शून्यातलं उत्पादन होतं, सरासरी वजा करून टाका. पाऊस मिलिमीटरमधे, उत्पादन क्विंटलमधे, एक आकडा हजारात एक दशांशात, यानंही गाडी अडखळते.

आर-हॅटची वॉर्निंग वेगळी. स्टॅन चार साखळ्या, म्हणजे चार वेगळे कंचे, वेगवेगळ्या ठिकाणांहून सोडतं, चारही एकाच प्रदेशात पोचल्या का ते आर-हॅट सांगतो, १.०१ च्या वर असेल तर निकाल वाचूच नका (जुन्या पुस्तकांत १.१ दिसेल, तो ढिला आहे). मॅक्झिमम ट्रीडेप्थची (एका टिचकीत किती पावलं टाकायची याच्या मर्यादेची) वॉर्निंग मात्र फक्त हळू चाललंय एवढंच सांगते. आणि विंडोजवर मॉडेल कंपाइलच होत नसेल तर बेझला दोष नको, कोड कंपाइल करायला लागणारं आरटूल्स नीट बसवलेलं नाही.

हल्ली वॉर्निंग एआयला चिकटवायची आणि तो देईल तो कोड चालवायचा अशीही पद्धत आलीय. अॅडॅप्ट डेल्टा वाढवा हे तो लगेच सांगतो, पण तुमच्या नरखेडच्या बागेत तीनच झाडं मोजली होती हे त्याला कुठून कळणार, तुम्ही सांगितलंच नाही तर.

माणसाला विचारतानाही तेच. अर्धा स्क्रीन कापलेला फोटो पाठवू नका. मॉडेलचा कोड, अख्खी वॉर्निंग, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सीड, आणि खरा डेटा देता येत नसेल तर त्याच घडणीचा खोटा डेटा. तो बनवताना सिग्मा तुम्हीच ठरवा, समजा दोन किलो, मग मॉडेल चालवा आणि तो दोनच्या आसपास परत येतो का बघा, एकदा नाही, वेगवेगळ्या खोट्या डेटावर पाच-सहा वेळा. नाही आला तर कुठं बोट ठेवायचं ते बरेचदा तिथंच दिसतं, आणि मला फोन करायची गरज पडत नाही.