ग्रेस्केलची ती एक ओळ आली कुठून?

आता सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) फिल्टर लिहायचं, पुढे ग्रेस्केल, कंसात १, झाला फोटो ब्लॅक अँड व्हाइट. माउस नेल्यावर रंगीत हवा तर होव्हरला ० द्या, विषय संपला. पण गंमत अशी की याची सुरुवात केली मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरने, इंटरनेट एक्सप्लोररने (आयई), ज्याला आपण सगळ्यांनी पोटभर शिव्या घातल्यात.

१९९७ च्या आयई ४ मध्ये फिल्टरपुढे नुसतं 'ग्रे' लिहिलं तरी भागायचं. ५.५ ला त्याचं 'प्रॉगआयडी'ने सुरू होणारं लांबलचक रूप आलं, ते कोणाला पाठ असणार, कॉपी-पेस्टच. पण हा मायक्रोसॉफ्टचा घरचा मामला, बाकीचे ब्राउझर ढुंकूनही बघायचे नाहीत, म्हणून मग फोटोशॉपमध्ये एकाच फोटोच्या दोन फाइली करायच्या, एक रंगीत एक करडी, आणि क्लायंटने लोगो बदलला की दोन्ही परत पहिल्यापासून.

मे २००८ मध्ये चीनमध्ये सिचुआनच्या भूकंपानंतर तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता, तेव्हा तिकडच्या कितीतरी साइट्स अख्ख्या करड्या झाल्या, त्यात आयईचीच ही ओळ एचटीएमएल टॅगला, म्हणजे अख्खं पान ज्यात असतं त्याला, लावलेली असायची. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की आपलं रंगीतच!

सगळ्यांना चालेल असा रस्ता निघाला एसव्हीजीतून, म्हणजे वेबवरच्या रेखाचित्रांच्या फॉरमॅटमधून. त्यात कलर मॅट्रिक्सचा (आकड्यांनी रंग बदलणारा) फिल्टर २००१ पासून होताच, फायरफॉक्स ३.५ ने २००९ मध्ये तो साध्या एचटीएमएललाही लावू दिला. २०१२ मध्ये क्रोम १८ आणि सफारी ६ ने वेबकिट प्रीफिक्ससकट, म्हणजे नावापुढे '-webkit-' जोडून, ग्रेस्केल आणलं. आणि नेमकं त्याच वर्षी आयई १० ने जुने फिल्टर काढून टाकले, नवे दिलेच नाहीत, ११ मध्येही नाहीत. त्यामुळे आयई ९, फायरफॉक्स, क्रोम अशी तिघांसाठी तीन ओळींची चळत लिहायची आणि तरी आयई १० वर फोटो रंगीतच. फायरफॉक्स ३५ ने (जानेवारी २०१५) ग्रेस्केल घेतलं आणि २०१६ मध्ये क्रोम ५३ ने प्रीफिक्स सोडला तेव्हा कुठे सुटका झाली.

ग्रेस्केलच्या आत जे चालतं ते लाल, हिरव्या, निळ्याची सरळ सरासरी नाही बरं का. हिरव्याला ७१.५२ टक्के वजन, लालला २१.२६, निळ्याला फक्त ७.२२, म्हणून गडद निळा लोगो जवळजवळ काळा पडतो, मग ब्राइटनेस वाढवत बसा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनचे माजी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन गेले तेव्हा चिनी साइट्स परत करड्या झाल्या. असं अख्खं पान करडं करायचं असेल तर फिल्टर एचटीएमएललाच लावा, बॉडीला लावलात तर पोझिशन फिक्स्डवाला (एरवी वर चिकटून राहणारा) हेडर स्क्रोल केल्यावर पानाबरोबर वर निघून जातो.